माती आणि मशेरी: एका घरातील दोन सवयींचा प्रकरण अभ्यास

आषाढी एकादशीच्या पाठोपाठ गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. गेल्या वर्षी तो झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाचे काम करते त्या फोंडा तालुक्यातील छोट्या दवाखान्यात साठी उलटलेल्या एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवायच्या आतच त्यांनी तक्रार सांगून टाकली. "मॅडम, हिला मातीचं व्यसन लागलंय. तुम्ही दारू सोडवता ना लोकांची, तसं हे सोडवा." सून मान खाली घालून बसली होती. सासूबाईंच्या लेखी ही गोष्ट नुसती किळसवाणी नव्हती, पापही होती, कारण घर गणपतीच्या चित्रशाळेचे होते आणि सून खात होती ती मूर्तींसाठी आणलेली चिकण माती. "कृष्णानं खाल्ली ती लीला. हिनं देवाची माती उष्टी केली," असे त्या म्हणाल्या, आणि आदल्या दिवशी सारा गाव त्याच देवासमोर चिखलात लोळून आला होता याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात जे शिकण्यासारखे आहे ते त्या क्रमातच आहे, आणि त्यात माझी चूकही येते.

रुग्ण बेचाळीस वर्षांची. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, दोन मुले शाळेत, सासरे मूर्तिकार. पावसाळा सुरू झाला की घराच्या पडवीत डिचोलीकडून आणलेल्या मातीचे ढीग पडतात आणि चतुर्थीपर्यंत घरातले प्रत्येक माणूस त्या मातीत हात घालून असते. माती भिजवणे, कुटणे, खडे वेचणे, मळून गोळे करणे ही कामे सुनेकडे होती. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा पकडले तेही तिथेच: मळलेल्या गोळ्याचा कोपरा अंगठ्याच्या नखाने खरवडून तिने तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सासूबाईंना राग आला तो त्या मिटलेल्या डोळ्यांचा असावा, असे मला त्यांच्या सांगण्यावरून वाटले.

सासूबाईंना बाहेर बसवल्यावर सून बोलू लागली. सुमारे वर्षभरापूर्वी पहिल्या पावसाच्या वासाने तोंडाला पाणी सुटू लागले. मग भिजलेल्या मातीचा वास घेत उभे राहणे, मग चिमूटभर तोंडात टाकणे, आणि आता रोज सुपारीएवढे चार-पाच गोळे. ओली माती फार आवडते असे नाही, तव्यावर जरा शेकून घेतली की कुरकुरीत लागते. मे महिन्यात मुलांना घेऊन पेडण्याला माहेरी गेली तेव्हा तिथे अशी माती नव्हती, तर कच्चे उकडे तांदूळ मुठीने चावले आणि फ्रिजमधल्या बर्फाचा ट्रे दिवसातून दोनदा रिकामा केला. लपवून खावे लागते, खाल्ल्यावर लाज वाटते, उद्यापासून नाही असे रोज ठरवते आणि दुपारी हात आपोआप जातो. हे सगळे तिने न विचारता सांगितले, आणि व्यसनमुक्तीच्या कामात ज्यांचे दिवस गेले आहेत त्यांना हे वर्णन ऐकताच काय वाटेल हे मी वेगळे सांगायला नको. तलफ, चोरून करणे, अपराधी वाटणे, ठरवून मोडणे अशी सगळी लक्षणे मांडून ठेवल्यासारखी होती. माती नाही मिळाली तर तांदूळ, तांदूळ नाही तर बर्फ, हेदेखील मी विडी सुटली की गुटख्याकडे वळणाऱ्या माणसाच्या जातीचे म्हणून नोंदवले. खरे तर सगळ्यात मोठा दुवा तोच होता आणि मी तो उलटा वाचला.

मी तिला तलफ आवरण्याचे नेहमीचे उपाय शिकवले. तलफ आली की दहा मिनिटे टाळायची, तोंडात वेलची ठेवायची, हाताला दुसरे काम द्यायचे, आणि ज्या दिवशी माती खाल्ली नाही त्या दिवसासमोर तक्त्यात बरोबरची खूण करायची. तीन आठवड्यांनी ती तक्ता घेऊन आली. एकवीस दिवसांच्या एकवीस खुणा, सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच बैठकीत केलेल्या, शेवटच्या काही तर घाईत चौकटीबाहेर गेलेल्या. तो कागद मी हातात घेतला आणि कळले की या बाईला मी फक्त आणखी एक गोष्ट लपवायला शिकवले आहे.

दवाखान्याचे डॉक्टर त्या वेळी कशासाठी तरी माझ्या खोलीत आले होते. तिने पुढे केलेल्या कागदाकडे न पाहता ते तिच्या बोटांकडे पाहत राहिले. नखे चपटी झालेली, दोन बोटांची तर मधे खोलगट, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, एक-दोन प्रश्न विचारले आणि रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली. हिमोग्लोबिन ८.१ आले. गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार रक्तक्षय धरतात. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६ होते, आणि १५ च्या खाली आकडा गेला की साठा संपला असे समजतात. म्हणजे कोठार रिकामे होते आणि घर कसेबसे चालले होते.

मग तो प्रश्न विचारला गेला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. दोन वर्षांपासून तिची पाळी आठ-नऊ दिवस चालत होती, गाठी पडत होत्या, आणि "जायचं वय आलं की असंच होतं" असे शेजारणींनी सांगितल्याने तिने ते कुणाकडे काढले नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली आणि पुढच्या उपचारासाठी तिला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवण्यात आले.

अन्न नसलेले पदार्थ खाण्याच्या या ओढीला वैद्यकात 'पायका' म्हणतात. माती, कच्चा तांदूळ, खडू, राख, बर्फ असे तिचे नाना प्रकार असून लोहाची कमतरता आणि गरोदरपण या दोन अवस्थांत ती विशेष आढळते. मातीचे डोहाळे आपल्याला ऐकून ठाऊक असतातच. आपल्याकडे या संबंधाची नोंद फार जुनी आहे: चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाण्याने होणारा आहे. तिथे माती हे कारण आणि पांडुता हा परिणाम आहे. आज आपल्याला दिसते की हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. लोह कमी पडले की मातीची ओढ लागते आणि पोटात गेलेली माती जेवणातले लोह धरून ठेवते, शोषू देत नाही, शिवाय मातीबरोबर जंत जातात ते वेगळेच. सून जितकी माती खात होती तितकी तिची भूक मातीकडेच वळत होती.

डॉक्टरांनी जंताचे औषध दिले आणि लोहाची गोळी दिवसाआड सुरू केली. रोज गोळी घेतली तर हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढून दुसऱ्या दिवशीचे शोषण कमी होते, म्हणून दिवसाआड. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची आणि तासभर आगेमागे चहा घ्यायचा नाही, असेही बजावले. मी तक्ता परत मागितला नाही. पंधरवड्यानंतर ती आली तेव्हा तिने जे सांगितले ते मी शब्दशः लिहून ठेवले आहे. "काल दुपारभर माती मळली. संध्याकाळी हात धुताना आठवलं की आज खायची आठवणच झाली नाही. वास आला, पण नुसता मातीचा वास आला." हिमोग्लोबिन अजून नऊच्या आसपासच होते. रक्त भरून यायच्या कितीतरी आधी ही ओढ जाते, हा अनुभव अनेक डॉक्टरांचा आहे. सोडायला तिला काही करावे लागले नाही, ना निर्धार, ना नवस. सोडल्यावर हात थरथरले नाहीत, झोप उडाली नाही, चिडचिड झाली नाही.

इथे हे प्रकरण संपले असते. संपले नाही, ते गोळी सुरू केली त्याच दिवशी तिने दारातून वळून डॉक्टरांना विचारलेल्या एका साध्या शंकेमुळे: "गोळी मशेरीच्या आधी घ्यायची की नंतर?"

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, हे गोव्यात किंवा कोकणात वाढलेल्या कुणाला सांगावे लागत नाही. ती दातांना लावतात, म्हणून घराघरांत तिची जागा दंतमंजनाशेजारी असते, दारूच्या बाटलीशेजारी नव्हे. दात घासण्याच्या विकतच्या पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत ती पोचणार कशी. या घरात मशेरी भाजण्याचे काम सासूबाईंचे होते आणि सुनेला लग्नानंतर पहिल्याच वर्षी दात दुखले तेव्हा ती त्यांनीच लावायला दिली होती. आमच्या पहिल्या भेटीत, मातीच्या पापाविषयी बोलता बोलता, सासूबाईंनी कनवटीची पितळी डबी काढून तर्जनीने चिमूट हिरड्यांना लावली होती. मी ते पाहिले होते. पाहून काहीच वाटले नव्हते, हेही इथे नोंदवायला हवे, कारण माझी आजी तेच करत असे.

मग मी दिवसाचा हिशोब विचारला, आणि या वेळी तक्ता न देता. सून पहाटे उठते, चूल पेटवायच्या आधी, चहाच्याही आधी, पहिली मशेरी लावते. त्यानंतर मुले शाळेत गेली की, मग स्वयंपाक झाल्यावर, जेवल्यावर, दुपारी, दिवेलागणीला, झोपताना. सात वेळा. मधले अंतर साधारण अडीच तासांचे पडते. रक्तातील निकोटीनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते हे लक्षात घेतले की तिची ही 'दात घासण्याची' वेळ कोण ठरवत होते ते समजते. सुरुवातीला दोनदा लावायची, आता सातदा. चिमूटही मोठी झाली आहे. डबी घरी राहिली म्हणून एकदा फर्मागुडीपर्यंत गेलेली ती बसने परत आली होती.

आता दोन्ही सवयी शेजारी ठेवून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात एखाद्या पदार्थावरील अवलंबित्व ठरवताना तीन गोष्टी पाहतात: वापरावरचा ताबा सुटला आहे का, जीवनातल्या इतर गोष्टींपेक्षा त्या पदार्थाला वरचे स्थान मिळत चालले आहे का, आणि शरीराला त्याची सवय जडली आहे का, म्हणजे प्रमाण वाढवावे लागते का आणि थांबवल्यावर त्रास होतो का. यांपैकी दोन असली तरी निदान होते. पदार्थ किती लोक घेतात, तो पाहून शेजाऱ्याला किळस येते का, देवाधर्मात बसतो का, यांतले काहीही त्या निकषांत नाही. सासूबाईंनी मात्र नेमके तेवढेच मोजले होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिले तीन आठवडे मीही वेगळे काही मोजले नव्हते. माती विचित्र म्हणून व्यसन, मशेरी रोजची म्हणून सवय.

मातीच्या बाबतीतही ताबा सुटलेला होता, हे मान्य केले पाहिजे. म्हणून नुसती तलफ ही खूण पुरेशी धरता येत नाही. तहानलेल्या माणसालाही पाण्याची तलफ येते. फरक दिसला तो ओढीच्या मुळाशी हात घातल्यावर. मातीची ओढ वस्तूला चिकटलेली नव्हती, माती-तांदूळ-बर्फ असे काहीही तिला चालत होते, आणि कमी होते ते भरून काढताच ती निघून गेली. मशेरीला पर्याय चालत नव्हता, आणि मशेरी मिळाल्याने मशेरीची गरज भागत नव्हती, अडीच तासांनी पुन्हा लागत होती.

याची परीक्षा आपोआप झाली ती तयेच्या दिवशी. हरितालिकेच्या उपासाला गोव्यात तय म्हणतात. एवढ्या रक्तक्षयात निर्जळी उपास करू नका, असे आम्ही दोघांनीही सांगितले होते. तिने ऐकले नाही. दिवसभर पाणी घेतले नाही, लोहाच्या गोळीची पाळी होती तीही घेतली नाही, कारण गोळी गिळायला पाणी लागते. मशेरी किती वेळा लावली असे विचारल्यावर ती थोडी थांबली. "ती उपासाला चालते," म्हणाली. पडवीत त्या दिवशी रंगवून झालेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या आणि उरलेल्या मातीचा ढीग तिच्या हाताशी होता. त्याच्याकडे तिचे लक्षही गेले नाही.

चतुर्थी आटोपल्यावर तिने स्वतःहून मशेरी सोडून पाहिली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डोके धरले आणि धाकट्या मुलाला उगाच मार बसला. तिसऱ्या दिवशी रात्री झोप नाही, कशात लक्ष नाही, भाताला मीठ दोनदा पडले, आणि चौथ्या दिवशी पहाटे तिने सासूबाईंच्या उशाखालची डबी घेतली. निकोटीन थांबवल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, हे तिला आधी कुणी सांगितले नव्हते. आपल्यात काहीतरी कमी आहे, असे तिला वाटले. ही बाई महिनाभरापूर्वी माती सहज सोडून आली होती, आणि आता म्हणत होती, "तेवढी घाण गोष्ट सुटली, आणि ही साधी सुटत नाही."

डॉक्टरांनी तोंड तपासले तेव्हा खालच्या ओठाच्या आत, चिमूट बसते तिथेच, पांढरा चट्टा सापडला. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवून आल्यावर, तूर्त काळजीचे नाही पण मशेरी चालू राहिली तर तसे म्हणता येणार नाही, असे कळले. धूर नसलेली तंबाखूही तोंडाचा कर्करोग करते याबद्दल आता वाद उरलेला नाही.

या घरातला तिसरा माणूसही सासूबाईंच्या शब्दकोशात व्यसनीच होता. सासरे आषाढापासून चित्रशाळेतच झोपतात, दाढी करत नाहीत, मूर्तीचे डोळे रेखायचे असले की जेवायला हाक मारली तर ओरडतात. "ह्यांना मूर्तींचं व्यसन," असे त्या म्हणत, पण तेव्हा आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असे. मी त्यांना भेटले ते अनंत चतुर्दशीनंतर. गुळगुळीत दाढी करून ते मासे आणायला निघाले होते आणि मूर्तींचा विषय काढला तर "आता पुढच्या वर्षी" म्हणून मोकळे झाले. वर्षातले दोन महिने सोळा-सोळा तास एखाद्या कामात बुडून जाणे आणि मग ते पडवीत ठेवून बाजाराला जाणे ज्याला जमते, त्याच्या त्या नादाला मी तरी वेड म्हणेन, छंद म्हणेन, व्यसन म्हणणार नाही. तासांवरून हे ठरत नाही. मराठीत चहाचे, वाचनाचे, नाटकाचे, सगळ्याचे व्यसन असते, आणि जत्रेतल्या नाटकांवर पोसलेल्या गोव्यात तर शेवटच्याचे जास्तच. शब्द असा सैल वापरायला हरकत नाही, फक्त त्याच सैल शब्दाने सुनेचा न्याय करू नये.

मशेरीसाठी आम्ही पुढे जे केले ते फारसे वेगळे नव्हते. दिवसाच्या सात वेळांपैकी सोप्या कोणत्या ते तिनेच ठरवले, आणि त्या आधी गेल्या. जेवणानंतरच्या दोन वेळांसाठी डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचे निकोटीन गम दिले. तंबाखू सोडण्यासाठीच्या १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर तिने नवऱ्याच्या मोबाईलवरून चारदा फोन केला. मात्र खरी अडचण डबीची होती. एका घरात, एकाच उशाजवळ, रोज ताजी भाजलेली मशेरी असताना तिने ती सोडावी ही अपेक्षा दारूच्या दुकानात बसवून दारू सोडवण्यासारखी होती. शिमग्याच्या वेळी पाहुण्यांच्या गर्दीत सगळ्या वेळा पुन्हा परत आल्या. एप्रिलमध्ये त्या दोनवर आल्या. हिमोग्लोबिन तोवर १२.३ झाले होते, गाठीची शस्त्रक्रिया पार पडली होती, आणि मातीचा विषय घरात कुणी काढत नव्हते.

त्याच महिन्यात मी सासूबाईंना एकट्यांना बोलावले आणि सुनेला मदत म्हणून आठ दिवस तरी घरात मशेरी ठेवू नका, असे विनवले. त्या हसल्या. "मला काय, मी आजही सोडीन. माझं कुठं व्यसन आहे?" म्हणत त्यांनी पितळी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या सोमवारी घेऊन जाते असे सांगितले. तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा कुलूप अजून उघडायचे होते, आणि त्या पायरीवर बसलेल्या होत्या.